गिळण्याच्या अडचणीवर घरी करायचे व्यायाम: कोकणातील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

अर्धांगवायूनंतर रुग्ण इस्पितळातून घरी आला की कोकणातल्या बहुतेक घरांत पहिल्यांदा पेज शिजते. आजारी माणसाला पेज सोसते हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि पोटापुरता तो खराही आहे. परंतु ज्याचे गिळणेच बिघडले आहे, त्याच्यासाठी पातळ पेजेइतका फसवा पदार्थ क्वचितच असेल. तिचे पाणी जिभेवरून चटकन घशात उतरते, शिते मात्र तोंडात मागे राहतात, आणि दुबळ्या घशाला एकाच घोटात वेगवेगळ्या वेगाने येणाऱ्या दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ठसका लागतो, घरचे वर पाणी पाजतात आणि त्या पाण्याने पुन्हा ठसका लागतो.

या अडचणीवर व्यायामांचा उपाय आहे आणि त्यातला मोठा भाग घरी करता येतो. मात्र मोबाईलवर फिरणारी ‘गिळण्याचे दहा व्यायाम’ अशी चित्रफीत पाहून सगळेच करू लागणे म्हणजे तो उपाय नव्हे. गिळण्याची नेमकी कोणती पायरी बिघडली आहे हे आधी कळले पाहिजे आणि त्या बिघाडाला लागू पडणारे दोन-तीन व्यायाम मोजूनमापून, आठवडेच्या आठवडे केले पाहिजेत. पुढील सर्व मांडणी याच क्रमाने केली आहे.

गिळताना काय घडते

घास चावून, लाळेत कालवून जीभ त्याचा गोळा करते आणि टाळूवर दाबत मागे ढकलते. गोळा घशात पोहोचताच सुमारे एका सेकंदात बऱ्याच गोष्टी घडतात: मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, श्वास थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकते, स्वरतंतू मिटतात, श्वासनलिकेवरची झडप खाली लवते आणि अन्ननलिकेचे एरवी घट्ट मिटलेले तोंड उघडते. स्वरयंत्राची ही हालचाल कंठमण्यावर बोट ठेवून कोणालाही जाणवेल. स्वरयंत्र पुरेसे उचलले गेले नाही तर श्वासनलिका नीट झाकली जात नाही आणि अन्ननलिकेचे तोंडही अर्धवटच उघडते. म्हणून पुढील व्यायामांपैकी बरेचसे याच एका हालचालीसाठी आहेत.

प्रौढांमध्ये ही साखळी अर्धांगवायू, कंपवात, डोक्याची इजा, मज्जातंतूंचे व स्नायूंचे आजार, तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व किरणोपचार आणि उतारवयातील स्नायूंची झीज यांमुळे बिघडते. अर्धांगवायूच्या पहिल्या दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळण्याचा त्रास असतो. त्यांतील अनेकांचा तो काही आठवड्यांत आपोआप ओसरतो, उरलेल्यांना उपचारांची गरज पडते.

तपासणीआधी व्यायाम नको

जेवताना वारंवार ठसका लागणे, घोटानंतर आवाज ओला किंवा घुरघुरता येणे, घास गालात साठून राहणे, पाणी नाकावाटे परत येणे, जेवणाला खूप वेळ लागणे, वजन घटणे आणि छातीत कफ होऊन पुन्हा पुन्हा ताप येणे या खुणा ओळखाव्यात. ‘ठसका लागत नाही, म्हणजे धोका नाही’ ही समजूत घातक आहे. काही रुग्णांच्या घशाची संवेदनाच बोथट झालेली असते. अन्न श्वासनलिकेत उतरते तरी खोकला येत नाही आणि घरच्यांना थेट न्यूमोनिया झाल्यावरच कळते.

ही गोष्ट बाहेरून पाहून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी एक्स-रेत दिसणारे बेरियम मिसळलेले घास गिळताना एक्स-रेखाली पाहण्याची किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहण्याची तपासणी असते. सुरुवात जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागापासून करावी. स्पीच थेरपिस्ट हा केवळ बोलण्याचाच नव्हे तर गिळण्याचाही उपचारतज्ज्ञ असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला आहे का, हे निःसंकोच विचारावे. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालय येथे या शाखेचे शिक्षण व उपचार होतात, तर कर्करोगाच्या रुग्णांसाठी परळचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. दक्षिण सिंधुदुर्गातील कुटुंबांना मुंबईपेक्षा गोव्यातील बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय किंवा कोल्हापूर जवळ पडते. पहिली तपासणी प्रत्यक्ष व्हावी. नंतरचा पाठपुरावा बऱ्याच वेळा व्हिडिओ कॉलवरही चालतो आणि घाटातून किंवा खाडीपलीकडून दर आठवड्याला रुग्णाला हलवणे टळते.

काही रुग्णांनी जोराचे व्यायाम करू नयेत. मायस्थेनिया या स्नायूदुर्बलतेच्या आजारात स्नायू श्रमाने आणखी थकतात, आणि मोटर न्यूरॉनच्या (स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशींच्या) आजारात जास्त जोर अपाय करू शकतो. घास छातीत अडकल्यासारखा वाटणे, आधी घन पदार्थ आणि मग पातळही न उतरणे हे लक्षण अन्ननलिकेच्या आजाराचे असू शकते. तेथे घशाचे व्यायाम करत बसणे म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीला उशीर करणे होय. रुग्ण पेंगुळलेला असेल किंवा सूचना समजत नसतील, तर थांबावे.

व्यायामाआधीची तयारी

पहिली पायरी तोंड स्वच्छ करण्याची आहे. श्वासनलिकेत थोडी लाळ उतरली तरी ती स्वच्छ तोंडातली असेल तर फुप्फुसांना होणारा अपाय कमी असतो. म्हणून नाकात नळी असलेल्या आणि तोंडाने काहीही न घेणाऱ्या रुग्णाचेही दात, जीभ आणि गालांच्या आतल्या बाजू दिवसातून किमान दोनदा घासाव्यात. कवळी रात्री काढून धुवावी. मिशरी आणि तंबाखू पूर्ण बंद करावी.

रुग्णाला पाठीचा आधार असलेल्या खुर्चीवर ताठ बसवावे, पाय जमिनीवर टेकलेले असावेत. झोपाळ्यावर किंवा आरामखुर्चीत रेलून कोणताही घास देऊ नये. व्यायाम जेवणाआधी अगदी लागून करू नयेत, कारण थकलेला घसा जेवताना जास्त चुकतो. कंपवाताच्या रुग्णाचे व्यायाम आणि जेवण दोन्ही गोळीचा असर चढलेला असेल त्या वेळेत बसवावीत. तोंड कोरडे असेल तर ओल्या कापसाने ओठ व जीभ ओलसर करून घ्यावी, नाहीतर लाळ गिळण्याचा व्यायाम होतच नाही.

जिभेचे व्यायाम

घास गालात राहत असेल किंवा मागे ढकलला जात नसेल तर जिभेपासून सुरुवात करावी. स्वच्छ चमच्याची पाठ जिभेच्या शेंड्यावर ठेवून जिभेने ती वर टाळूकडे रेटावी आणि हाताने तिला अडवावे. तीन सेकंद जोर, मग विश्रांती. हेच जिभेच्या मधल्या भागावर, आणि चमचा गालाजवळ धरून उजव्या-डाव्या बाजूलाही करावे. वृद्धांवरील एका सुपरिचित अभ्यासात दिवसातून तीनदा, आठवड्यातून तीन दिवस, असे आठ आठवडे जिभेचा व्यायाम दिला गेला आणि त्याने जिभेची ताकद वाढली. जोर जास्तीत जास्त ताकदीच्या साधारण साठ ते ऐंशी टक्के असावा. सहज होणाऱ्या हालचालीने स्नायू बळकट होत नाही. नुसती जीभ बाहेर काढून आत घेण्याचा व्यायाम सर्रास दिला जातो. माझ्या मते ताकदीसाठी त्याचा उपयोग फार थोडा आहे, कारण त्यात विरोधच नसतो.

स्वरयंत्र उचलण्याचे व्यायाम

अन्ननलिकेचे तोंड नीट न उघडल्याने घास घशाच्या तळाशी साचत असेल तर डोके उचलण्याचा व्यायाम दिला जातो. तो १९९७ मध्ये शेकर यांच्या गटाने मांडला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जातो. उशी न घेता सपाट उताणे झोपावे. खांदे अंथरुणाला टेकलेले ठेवून केवळ डोके इतके उचलावे की पायांची बोटे दिसतील. तसे एक मिनिट धरावे, एक मिनिट विश्रांती घ्यावी, असे तीनदा. मग न थांबता डोके तीस वेळा वर-खाली करावे. मूळ क्रम दिवसातून तीनदा, सहा आठवडे असा आहे. सत्तरीच्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण मिनिट झेपेलच असे नाही. दहा-पंधरा सेकंदांपासून चढत जाणे योग्य. मानेच्या मणक्यांचा त्रास, गळ्यात श्वासाची नळी, अनियंत्रित रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांच्या संमतीशिवाय हा व्यायाम करू नये.

ज्यांना झोपून हे जमत नाही त्यांच्यासाठी बसून करण्याचा पर्याय आहे. सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाचा मऊ चेंडू हनुवटी आणि छातीच्या मध्ये धरून हनुवटीने तो दाबावा. चेंडू नसेल तर पंच्याची घट्ट गुंडाळी चालते. दाबून धरणे आणि दाबून सोडणे हे दोन्ही प्रकार वरच्याच क्रमाने करावेत. या प्रकारात थकवा कमी येतो आणि वृद्ध तो टिकवून करतात, म्हणून घरासाठी मी बहुधा यालाच पसंती देतो.

तिसरा प्रकार जरा कौशल्याचा आहे. दोन बोटे कंठमण्यावर हलकेच ठेवून लाळ गिळावी. कंठमणी वर गेला की घशाचे स्नायू आवळून त्याला दोन-तीन सेकंद तेथेच धरून ठेवावे, मग सोडावे. बोटांनी तो वर ढकलायचा नाही. काहींना हे जमायला पुष्कळ दिवस लागतात, तोवर आरशासमोर बसवून शिकवावे.

घसा आवळण्याचे आणि श्वास राखण्याचे व्यायाम

गिळल्यानंतर घशात अन्न चिकटून राहत असेल तर जोर लावून गिळण्याचा सराव उपयोगी पडतो. जीभ टाळूवर घट्ट दाबावी, घशाचे सगळे स्नायू आवळावेत आणि लाळ जोराने गिळावी. हा व्यायाम साधा आहे आणि तज्ज्ञाने परवानगी दिली असेल तर प्रत्यक्ष घासासोबतही करता येतो. याउलट जिभेचा शेंडा दातांत हलकेच धरून लाळ गिळण्याचा व्यायाम, जो घशाच्या मागील भिंतीला पुढे यायला लावतो, तो घास किंवा पाणी तोंडात असताना कधीही करू नये. जीभ पुढे अडकलेली असताना श्वासनलिकेचे रक्षण उणे पडते.

स्वरतंतू वेळेवर मिटत नसतील तर क्रम असा शिकवतात: श्वास घ्या, रोखा, रोखलेलाच ठेवून गिळा, लगेच खोका, पुन्हा गिळा आणि मगच श्वास घ्या. आधी लाळेवर हा क्रम पक्का करावा. अर्धांगवायू व हृदयविकार दोन्ही असलेल्या रुग्णांत श्वास रोखून जोर लावल्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून त्यांनी हा प्रकार वैद्यकीय देखरेखीखालीच करावा.

कंपवातात खोकल्याचा जोरच कमी होतो. त्यासाठी स्प्रिंगची झडप असलेले फुंकण्याचे छोटे उपकरण मिळते. ठरावीक दाबाने फुंकल्याशिवाय झडप उघडत नाही. पाच फुंकरांचे पाच संच, आठवड्यातून पाच दिवस, चार ते पाच आठवडे हा त्याचा प्रचलित क्रम आहे आणि दाब तज्ज्ञ मोजून ठरवतो. फुगे फुगवणे किंवा देवळात शंख वाजवणे चालेल का, असे लोक विचारतात. त्यात दम लागतो हे खरे, पण दाब किती आणि तो वाढतो आहे का हे मोजता येत नाही, त्यामुळे ते या उपकरणाची जागा घेऊ शकत नाहीत. हर्निया, ताजी शस्त्रक्रिया किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर उपकरणही वापरू नये.

जबडा आणि किरणोपचार

सुपारीच्या बागांच्या या पट्टीत सुपारीचे व्यसनही जुने आहे, आणि सुपारीमुळे गालांच्या आतला पडदा ताठरून तोंड उघडेनासे होते. किरणोपचारांनंतरही जबडा आखडतो. स्वतःची तीन बोटे उभी दातांमध्ये जात नसतील तर मोजमाप करून घ्यावे; दातांमधील अंतर ३५ मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहून कमी असणे म्हणजे आखडलेला जबडा. आइस्क्रीमच्या स्वच्छ काड्या एकावर एक ठेवून त्यांचा गठ्ठा दातांमध्ये सरकवावा, ताण जाणवेल पण दुखणार नाही इतकाच, अर्धा मिनिट धरावा आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवावी. याशिवाय तोंड पूर्ण उघडून दहा सेकंद धरणे, असे पाच वेळा, दिवसातून दोनदा हा व्यायाम जबड्याखालील स्नायूंना आणि पर्यायाने स्वरयंत्र उचलण्याला मदत करतो. जबड्याचा सांधा निसटत असेल तर तो वर्ज्य.

घशाच्या किरणोपचारांबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. व्यायाम उपचार संपल्यावर नव्हे, ते सुरू होण्याआधीच शिकून घ्यावेत आणि ते चालू असताना, तोंड आलेले असतानाही, जमेल तितके करत राहावेत. नळीने आहार मिळतो म्हणून तोंडाने गिळणे पूर्ण सोडून दिले की न वापरलेले स्नायू आक्रसतात, आणि नंतर ते मोकळे करणे फार कठीण जाते. तज्ज्ञाने सुरक्षित ठरवलेले दोन-चार घास रोज तोंडाने घेणे हाही व्यायामाचाच भाग आहे.

घास हाच व्यायाम

गिळणे सुधारण्यासाठी अखेर गिळावेच लागते. तज्ज्ञाने कोणत्या पातळीचे अन्न द्यायचे ते सांगितलेले असते आणि ती पातळी घरी रोज तशीच राखणे हे मोठे काम आहे. त्यासाठी जगभर वापरली जाणारी इंजेक्शनच्या पिचकारीची चाचणी सोपी आहे. दहा मिलिलिटरची, शून्य ते दहाच्या रेघेपर्यंतची लांबी ६१.५ मिलिमीटर असलेली पिचकारी घ्यावी, सुई आणि दट्ट्या काढावा, खालचे तोंड बोटाने बंद करून पेय दहापर्यंत भरावे आणि दहा सेकंद बोट काढावे. एक मिलिलिटरपेक्षा कमी उरले तर पेय पातळ. एक ते चार उरले तर किंचित दाट. चार ते आठ उरले तर थोडे दाट. आठच्या वर उरले, पण थोडे तरी खाली उतरले तर मध्यम दाट.

सोलकढी, ताक, शहाळ्याचे पाणी आणि चहा ही सगळी पातळ पेये आहेत. पेज द्यायची असेल तर उकड्या तांदळाचा मऊ भात पेजेसकट मिक्सरमधून काढून एकसंध करावा. नाचणीची आंबील हवी तितकी दाट करता येते, परंतु ती थंड होताना आणखी घट्ट होते, म्हणून चाचणी वाढण्याच्या वेळी करावी. लाळेतील पाचकरस तांदूळ-नाचणीच्या पिठाचा दाटपणा मोडतो. उष्टा चमचा वाटीत पुन्हा पुन्हा बुडवला की वाटीतली आंबील जेवता जेवता पातळ होते. एका भांड्यातून थोडी थोडी दुसऱ्या वाटीत काढून द्यावी.

माशांशिवाय ज्यांचा घास उतरत नाही त्यांना मासे बंद करण्याची गरज नाही. सुरमईचा काटे काढलेला तुकडा किंवा मोरी (शार्क), जिला कुर्च्या असतात पण बारीक काटे नसतात, दाट कालवणात कुस्करून देता येते. तुकडे काट्याच्या चमच्याच्या दातांमधून जातील इतके, म्हणजे सुमारे चार मिलिमीटरचे असावेत. तारली, पेडवे आणि कोरडी सुकट टाळावी. कोळंबी मऊ दिसली तरी रबरासारखी असते. किसलेले खोबरे घशात विखुरते, म्हणून वाटून गाळलेले नारळाचे दूध वापरावे. चहात बुडवलेले बटर-बिस्कीट, फणसाचे गरे आणि धागे असलेला रायवळ आंब्याचा रस याच कारणांनी वर्ज्य. हापूसचा गाळलेला रस मात्र बऱ्याच जणांना चालतो.

घास छोट्या चमच्याने, एक पूर्ण उतरल्यावरच दुसरा द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवावे. हनुवटी छातीकडे झुकवणे किंवा मान दुबळ्या बाजूला वळवणे या युक्त्या काहींना तारतात आणि काहींचा धोका वाढवतात. तपासणीत त्या उपयोगी दिसल्या असतील तरच वापराव्यात. दाट केलेले पाणी रुग्णाला आवडत नाही आणि तो कमी पितो. चैत्र-वैशाखातील दमट उकाड्यात त्याने शरीरातले पाणी झपाट्याने घटते. लघवी गडद होऊ लागली तर लगेच तज्ज्ञाशी बोलावे. गोळ्या कुटून देण्याआधी औषधविक्रेत्याला विचारावे, कारण काही गोळ्या कुटता येत नाहीत.

नोंद, मात्रा आणि कधी थांबायचे

एका वहीत तारीख, कोणता व्यायाम किती वेळा झाला, जेवणाला लागलेली मिनिटे, ठसके आणि संध्याकाळचे तापमान रोज लिहावे. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर करावे. पहिल्या आठवड्यात दोनच व्यायाम घ्यावेत. ते सहज होऊ लागले की वेळ किंवा विरोध थोडा वाढवावा. परिणाम दिसायला बहुधा सहा ते आठ आठवडे लागतात आणि नेमके तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घरचे कंटाळतात. व्यायाम अर्ध्यावर सोडून घशावर विजेचे पॅड लावण्याचे महागडे सत्र घेणारेही भेटतात. त्या पॅडांच्या उपयोगाबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि व्यायामाशिवाय त्यांवर पैसे खर्च करू नयेत असे माझे मत आहे.

ताप, वाढलेला कफ, दम किंवा ओला आवाज जाणवला तर तोंडाने देणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. घास अडकून रुग्णाला खोकता-बोलता येत नसेल तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. उपयोग झाला नाही तर मागून कवटाळून बेंबीच्या वर मुठीने आत व वर असे पाच हिसके द्यावेत आणि अडथळा निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये, पाणी पाजू नये. दरम्यान दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. रुग्ण बेशुद्ध पडला तर जमिनीवर झोपवून छाती दाबण्यास सुरुवात करावी.

सहा-आठ आठवड्यांनी फेरतपासणीला जाताना ही वही आणि रुग्ण घरी जे खातो त्याचा डबा, दोन्ही सोबत न्यावे. तज्ज्ञाला इस्पितळातल्या बिस्किटापेक्षा घरची आंबील गिळताना पाहणे अधिक उपयोगाचे असते, आणि अन्नाची पुढची पातळी त्यावरच ठरते.